टोळधाड आलीच तर गावानं काय तयारी ठेवावी? (मंगळवेढा भाग)

मंगळवेढा_रब्बी

नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी गटाला टोळ नियंत्रणाचा एक पानी आराखडा करून ग्रामपंचायतीत लावायचाय. आठ दिवस झाले, आभाळ भरून टोळ उडतानाचा एक व्हिडिओ 'सोलापूर जिल्ह्यात आगमन' असं लिहून फिरतोय. त्यात भर म्हणून आमच्या माळाच्या कडेला रुईवर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचे मोठे किडे बसलेले दिसतात, आणि नुकत्या उगवलेल्या ज्वारीत बांधालगतच्या दोन-तीन ओळी कुरतडल्यात. तिन्ही गोष्टी एकत्र जोडून लोक दुकानातून मिळेल ते औषध आणायला लागलेत.

शिवार बहुतेक काळं भारी रान, वरच्या अंगाला मुरमाड माळ, ओढ्याला वेडी बाभूळ दाट. गटाकडे डाळिंबाचे ६०० लिटरचे दोन ब्लोअर, एक एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी पंप) आणि पंधरा-वीस चार्जिंगचे पंप आहेत. हे टोळच आहेत का, पाहणी कशी ठेवायची, आणि समजा थवा वीस एकरावर बसला तर पाणी, औषध, वेळ याचं गणित कसं बसवायचं? 'तज्ज्ञांना विचारा' एवढंच उत्तर नको, विचारूनच इथं आलोय.

कीडपाहणी

रुईवरचे ते टोळ नाहीत, रुईचा नाकतोडा आहे. रुई खाऊन तो अंगात विष साठवतो, म्हणून असा भडक रंग मिरवत निवांत बसतो. रुई संपली तर थोडंफार दुसरं काही चावेल, पण थवा करून गावं ओलांडत नाही. २०२० मध्ये विदर्भात टोळ आल्याच्या बातम्या सुरू होत्या, तेव्हा कर्नाटकातल्या कोलारकडेही याच किड्यानं लोकांची झोप उडवली होती. त्याच्यावर एक रुपया घालवू नका.

ज्वारीच्या कडेच्या ओळींचं काम बहुतेक स्थानिक नाकतोड्यांचं. नुकसान बांधापासून सुरू होऊन आत विरळ होत गेलं असेल तर किडा बांधावरच्या गवतातून येतोय. एक किडा धरून पंख बघा. पूर्ण वाढलेल्या किड्याला उडण्याजोगे पंखच नसतील तर तो दख्खनचा बिनपंखी नाकतोडा, म्हणजे कोलमॅनिया. ज्वारीचा जुना वैरी. वर्षाला एकच पिढी: पावसाळा सरताना मादी जमिनीत अंडी घालते आणि पुढच्या जूनच्या पावसावर पिल्लं निघतात. त्याला आत्ता बांध आणि कडेचा पाच-सहा मीटरचा पट्टा एवढीच फवारणी पुरते. उन्हाळ्यात बांधाच्या कुशी खरवडून अंडी उन्हात उघडी पाडली की पुढच्या वर्षीचा जोर मोडतो. अख्खं रान फवारू नका, त्यात मित्रकीटक मरतात आणि पुढं माव्याला मोकळं रान मिळतं.

खरा वाळवंटी टोळ कसा ओळखायचा? लांबी बोटाएवढी, शिंगं आखूड, पुढच्या पंखांवर तपकिरी ठिपके. थव्यातला कोवळा टोळ गुलाबी असतो, अंडी घालायला तयार झालेला पिवळा. हा रंग वहीत लिहाच, पुढचं काम त्यावर ठरतं. गुलाबी थवा खातो जास्त आणि पुढं सरकतो. पिवळा थवा उतरला तर तो उठून गेल्यावरही त्या जागेवर लक्ष ठेवावं लागतं, कारण अंडी राहिलेली असू शकतात.

आपल्याकडे तिसराही एक आहे, बॉम्बे लोकस्ट. तांबूस तपकिरी, पाठीवरून डोक्यापासून मागं जाणारी फिकी पट्टी. १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याला यानंच पिडलं होतं. 'टोळ म्हणजे राजस्थानातूनच येणार' असं समजणाऱ्यांना हा आठवत नाही. यालाही वर्षाला एकच पिढी.

वारा_आणि_थवा

पाहणीचं मी लिहितो. वाळवंटी टोळ दिवसा उडतो आणि वाऱ्याबरोबर जातो, साधारण ताशी १६ ते १९ किलोमीटर वेगानं. दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर सहज कापतो. म्हणून व्हिडिओपेक्षा वाऱ्याचा नकाशा जास्त खरं बोलतो. नैऋत्य मोसमी वारा जोरात असताना उत्तरेचा थवा आपल्याकडे उतरणं अवघड. मे २०२० च्या शेवटच्या आठवड्यात मध्य प्रदेशातून थवे अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत शिरले, तेव्हा वारा वायव्येचा होता. पुढं मोसमी वाऱ्यानं तेच थवे परत राजस्थानकडे ढकलले. आपल्या भागाला शंका घ्यायची तर मे महिन्यात आणि पाऊस सरल्यावर वारा ईशान्येकडून वाहू लागतो तेव्हा. म्हणजे तुमची ऑक्टोबरची वेळ अगदीच चुकीची नाही, पण आधी उत्तरेला थवे असायला हवेत.

ते आहेत की नाहीत हे घरबसल्या कळतं. केंद्राची टोळ इशारा संघटना १९३९ पासून आहे, मुख्य क्षेत्र कार्यालय जोधपूरला आणि बाकीची ठाणी बिकानेर, जैसलमेर, बाडमेर, फलोदी, भुज, पालनपूर अशी. त्यांचं पाक्षिक पत्रक निघतं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं मासिक पत्रक नकाशासकट येतं. राजस्थान-गुजरात शांत असेल तर सोलापूरचा व्हिडिओ खोटा, एवढं साधं आहे. २०१९-२० च्या धाडीचं मूळही २०१८ मधल्या मेकुनू आणि लुबान या दोन वादळांत होतं. अरबस्तानच्या वाळवंटात त्यांनी पाऊस पाडला, तिथं कुणाचं लक्ष नसताना पिढ्यावर पिढ्या वाढल्या, आणि आपल्यापर्यंत यायला दीड-दोन वर्षं लागली. टोळ अचानक येत नाही, आपल्याला अचानक दिसतो.

गावात चार जण नेमा, चार दिशांना एकेक. त्यांचं खरं काम संध्याकाळी पाच ते अंधार पडेपर्यंत. दिवसा आभाळात थवा दिसला म्हणून पंप घेऊन धावण्यात अर्थ नाही, तो तीन गावं पुढं जाऊन बसेल. बसतो कुठं हे महत्त्वाचं. सूर्य मावळायच्या सुमारास तो उतरतो आणि रात्र झाडाझुडपांवर काढतो. तुमच्याकडे ओढ्याची वेडी बाभूळ हीच पहिली जागा समजा, मग कडुलिंब, मग उभी तूर. शंका आली तर झाडाखाली लेंड्या बघा. रात्रीतून पाचोळ्यावर तपकिरी-काळ्या लेंड्यांचा थर पडलेला दिसतो.

बसल्यावर एकानं मोबाईलवर क्षेत्र मोजायचं ॲप लावून थव्याच्या कडेनं चालत फेरी पूर्ण करायची. घाबरून लोक गट नंबरचं पूर्ण क्षेत्र सांगतात आणि औषध दुपटीनं लागतं. वेळ, रंग, क्षेत्र, वाऱ्याची दिशा आणि दोन जवळचे फोटो, एवढं कृषी सहायकाकडं आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडं त्याच रात्री गेलं पाहिजे. मोहोळचं कृषी विज्ञान केंद्र किडा ओळखून देईल. ठेचलेला नको, रिकाम्या बाटलीत घालून न्या.

मंगळवेढा_रब्बी

रुईचं कळलं, आज रात्रीच गटावर टाकतो. आमच्यातले वयस्कर लोक म्हणतात, डबे वाजवा, टायर जाळा, टोळ निघून जातो. आराखड्यात घालू का? आणि फवारणीचं गणित अजून बाकी आहे.

नोझल_मास्तर

डबे वाजवण्यानं टोळ मरत नाही, शेजाऱ्याच्या रानात जातो. दिवसा थवा डोक्यावर घिरट्या घालताना आवाज केला तर उतरायचा टळू शकतो, एवढाच त्याचा उपयोग. एकदा संध्याकाळी बसला की गावात कुणी ताटली सुद्धा वाजवायची नाही. एका जागी वीस एकरावर बसलेला थवा तुमच्या आवाजानं शंभर एकरावर विखुरला, तर सकाळी फवारायचं काय? टायर तर मुळीच नको. धूर करायचाच तर ओल्या पाल्याचा, तोही दिवसा.

आता गणित. २०२० मध्ये केंद्रीय कीटकनाशक मंडळानं टोळासाठी मंजूर केलेल्या यादीतल्या मात्रा हेक्टरी आहेत, त्या एकरी करून देतो. लॅम्डा सायहॅलोथ्रिन ५ टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं तेलकट औषध) हेक्टरी ४०० मिली, म्हणजे एकरी १६०. डेल्टामेथ्रिन २.८ टक्के ईसी हेक्टरी ४५०, एकरी १८०. क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी हेक्टरी १२०० मिली, एकरी ४८०. मॅलाथिऑन ५० टक्के ईसी हेक्टरी १८५० मिली, एकरी ७४०. फिप्रोनिल ५ टक्के एससी (पाण्यात मिसळायचं दाट औषध) हेक्टरी १२५ मिली, एकरी फक्त ५०. यातलं एकच निवडायचं. दोन औषधं मिसळून ताकद वाढत नाही, खर्च आणि उलट्या वाढतात. यादी आणि पिकांवरची परवानगी बदलत असते, म्हणून खरेदीआधी तालुक्याला विचारून त्या वर्षीचं लेबल बघा.

पाणी हेक्टरी ५०० लिटर, म्हणजे एकरी २०० लिटर, एक बॅरल. तुमच्या ६०० लिटरच्या टाकीत तीन एकर बसतात, त्यात लॅम्डा ४८० मिली. वीस एकराला ४,००० लिटर पाणी, सात टाक्या, लॅम्डा ३.२ लिटर. एक टाकी मारायला साधारण २५ मिनिटं, भरून कालवायला २० धरा. एका ब्लोअरला सव्वापाच तास, दोघांना मिळून पावणेतीनच्या आसपास. ऑक्टोबरात आपल्याकडे सव्वासहानंतर उजाडतं आणि अंग तापून थवा उठायला आणखी दोन-तीन तास. आठच्या आत काम संपलंच पाहिजे. एक ब्लोअर असेल तर पहाटे अडीचला सुरुवात, दोन असतील तर साडेचारला. पाचला सुरू करून साडेदहाला संपवणार असाल तर शेवटच्या तीन टाक्या रिकाम्या फांद्यांवर जातील.

म्हणून खरी अडचण औषधाची नाही, पाण्याची आहे. पहाटे अडीचला लाईट आहे का, मोटर चालू होईल का? टँकर आदल्या संध्याकाळीच थव्यापासून दोनशे मीटरवर उभा करून ठेवा.

चार्जिंगच्या पंपावर भिस्त ठेवू नका. माणूस ताशी अडीच किलोमीटर चालला आणि पट्टा एक मीटरचा धरला, तर मिनिटाला ४२ चौरस मीटर होतात, एकराला ९६ मिनिटं. एकरी २०० लिटर टाकायचं तर मिनिटाला दोन लिटरहून जास्त सुटायला हवं, साध्या नोझलमधून तेवढं येत नाही. शिवाय बाभळीच्या शेंड्याला फवारा पोचणार नाही. ते पंप विरळ कडांना ठेवा: १६ लिटरला लॅम्डा १३ मिली किंवा क्लोरपायरीफॉस ३८ मिली. उंच झाडांना एचटीपीची गन, आणि ती कमी पडली तर अग्निशमनचा बंब मागावा लागतो.

भुसार_बार्शी

ड्रोन वापरला तर? आमच्याकडे बचत गटाचा आहे.

नोझल_मास्तर

चालतो. टोळावर ड्रोननं फवारणी भारतात २०२० सालीच झाली. फक्त एक चूक सर्रास होते: ड्रोनची टाकी १० लिटरची, आणि लोक पंपाच्याच प्रमाणात औषध घालतात. एकराला १० लिटर पाणी पडत असेल तर त्या १० लिटरमध्ये पूर्ण एकराचं औषध गेलं पाहिजे, म्हणजे लॅम्डा १६० मिली. पंपाच्या हिशोबानं ८ मिली घातलं तर टोळाला आंघोळ होईल, बाकी काही नाही. आणि वेड्या बाभळीच्या दाटीत ड्रोनचा थेंब वरच्या थरातच अडकतो, आतले टोळ वाचतात.

मॅलाथिऑन ९६ टक्के यूएलव्ही नावाचं औषध ऐकलं असेल. सरकारी पथकं वापरतात, हेक्टरी एक लिटर, पाणी न घालता, खास यंत्रातून. ते आपल्या पंपात कधीच भरायचं नाही.

राहिलं एक. आपलं बोअरचं पाणी जड. पीएच आठच्या वर असेल तर मॅलाथिऑन टाकीतच फुटायला लागतं. संध्याकाळी कालवून पहाटे मारायचं ठरवलंत तर निम्मा जीव गेलेला असतो. पीएच पट्टी बुडवा, लिंबूसत्त्व थोडं थोडं घालत सहा-साडेसहावर आणा, आणि औषध घातल्यावर लगेच मारा. गाळणी आणि नोझल प्रत्येक टाकीनंतर झटका. अंधारात एक बाजू बंद पडली तर पट्टाच्या पट्टा कोरडा राहतो, कळतं उजाडल्यावर.

सेंद्रिय_माण_नदी

सगळा जोर रासायनिकवरच? निंबोळी अर्क, मेटारायझियम बुरशी हे पर्याय का नाहीत?

कीडपाहणी

आहेत, पण कामाची जागा वेगळी. ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून गाळून १०० लिटर पाणी, हा टोळाला खाण्यापासून परावृत्त करतो. आपलं रान थोडं वाचेल, थवा मरणार नाही. थवा अजून दूर असताना तूर-भाजीपाल्याच्या कडेला मारून ठेवायला ठीक.

मेटारायझियमच्या नावात फसगत आहे. टोळावर चालते ती मेटारायझियम ॲक्रिडम, हेक्टरी ५० ग्रॅम बीजाणू तेलात मिसळून. २०२० मध्ये सोमालियात ती मोठ्या प्रमाणावर वापरली. आपल्या दुकानात हुमणीसाठी मिळते ती ॲनिसोप्ली, दुसरी जात. ती टोळावर मारून वाट बघत बसू नका. आणि ॲक्रिडमला सुद्धा मारायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून तिचा उपयोग पिल्लांवर जास्त. उडणारा थवा तोवर पार आंध्रात पोचेल.

पिल्लांचा विषय निघालाच आहे तर: पिवळा थवा येऊन गेला तर वाळूमिश्रित, ओलसर, भुसभुशीत जागा तपासा. काळ्या चिकट रानात मादी सहसा घालत नाही. ओढ्याचा वाळूचा काठ, नदीकाठची मळई इथं बघा. मादी शेपूट जमिनीत खुपसून ५ ते १० सेंटीमीटरवर अंड्यांचा पुंजका ठेवते, थव्यातली एकावेळी ६० ते ८० अंडी. वर वाळलेल्या फेसाचं बूच असतं, बोटानं उकरलं की खाली तांदळाच्या दाण्यांसारखी अंडी लागतात. तिथं कुळवाच्या दोन आडव्या-उभ्या पाळ्या घाला, अंडी वर येऊन वाळतील, साळुंक्या खातील. खोल नांगरट लागत नाही.

सुटलेली अंडी उबेत दोनेक आठवड्यांत फुटतात. पिल्लांना पंख नसतात, ती जथ्यानं चालत जातात. त्यांच्या वाटेत ६० सेंटीमीटर रुंद आणि ७५ सेंटीमीटर खोल चर काढला की आत पडतात, मग माती लोटायची. चराच्या भिंती उभ्या सोट हव्यात, उतरत्या ठेवल्या तर चढून जातात. डायफ्लुबेन्झुरॉन २५ टक्के, हेक्टरी १२० ग्रॅम, फक्त या अवस्थेसाठी. ते कात टाकणं बिघडवतं. मोठ्या टोळाला कात टाकायचीच नसते, त्याच्यावर मारलं तर पैसे पाण्यात.

डाळिंब_सांगोला

एक गोष्ट राहून गेली. ओढ्याच्या पलीकडे डाळिंब असेल तर क्लोरपायरीफॉसचा विचार सोडा. मृग बहाराची फळं आत्ता झाडावर आहेत, आणि युरोपनं त्याच्या अवशेषाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलोवर आणलीय. पहाटेच्या वाऱ्यावर तुषार पलीकडं गेले तरी माल परत येऊ शकतो. बागेच्या बाजूनं वारा बागेपासून दूर वाहत असेल तेव्हाच मारा. तुतीवर तर कुठल्याच औषधाचा थेंब चालत नाही, रेशीमवाल्यांना आदल्या रात्री सांगा, पाला तोडून ठेवतील. मधाच्या पेट्यांची दारं पहाटेआधी बंद करायची, आणि फिप्रोनिल पेट्यांच्या आसपास नकोच.

गवताळ_नान्नज

आणि माळावर सुद्धा फिप्रोनिल नको. तित्तर, लावे यांना ते फार भोवतं. नान्नजच्या माळढोक अभयारण्यालगतची गावं हे वाचत असतील तर अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाला विचारल्याशिवाय पंप न्यायचा नाही. टोळ खायला पक्षी जमतातच, आणि फवारलेला, अर्धमेला टोळ त्यांना सोपा सापडतो. ओढ्याच्या पाण्यापासूनही लांब राहा, लॅम्डा-डेल्टा माशांना घातक आहेत. मेलेल्या टोळांचे ढीग कोंबड्यांना घालायचे नाहीत, खड्डा करून पुरा.

मंगळवेढा_रब्बी

बरंच मिळालं. दोनच शंका: फवारलेल्या भागातली वैरण जनावरांना कधी? आणि नुकसान झालंच तर नोंद कुठं?

वारा_आणि_थवा

वैरणीला लेबलवरचा थांबण्याचा काळ पाळा, तोवर कडबा आणि बांधाचं गवत दोन्ही बंद. नोंदीचं असं की कीडहल्ला राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या आपत्तींच्या यादीत आहे. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर मदत बसते, म्हणून तलाठी आणि कृषी सहायकाकडून पंचनामा लवकर करून घ्या. टोळानं खाल्लेलं रान दोन दिवसांत ओळखू येत नाही. जागेची नोंद दाखवणारे फोटो त्याच सकाळी काढा.

नोझल_मास्तर

फवारणाऱ्यांचं मी सांगतो. पूर्ण बाह्या, हातमोजे, मास्क, आणि तोंडावर फवारा येईल असं वाऱ्याविरुद्ध चालायचं नाही. पहाटेच्या गारव्यात लोक मास्क लावतात, सात वाजता घाम आला की काढून खिशात घालतात, आणि विषबाधा नेमकी तेव्हा होते. डोळ्यांपुढं अंधारी, लाळ, मळमळ यातलं काही दिसलं तर माणूस आणि औषधाचा डबा दोन्ही दवाखान्यात. डॉक्टरला डबा बघूनच ठरवता येतं, कारण क्लोरपायरीफॉस-मॅलाथिऑनला चालणारं ॲट्रोपिन लॅम्डाच्या बाधेवर उतारा नाही.

टाकीत उरलेलं पाणी ओढ्यात सोडू नका. तेच पातळ करून फवारलेल्या बाभळींवर मारून संपवा, मग तीनदा धुवा. रिकामे डबे भोकं पाडून ठेवा, नाहीतर महिन्याभरात त्यातच कुणीतरी रॉकेल भरून घरी नेतो.